रापणीच्या बाहुल्या

लक्ष्मीदेवीला राग आला की ती भांडी घासायला बसायची. भांडी घासून झालेली असली तरी पुन्हा बसायची. बेंगळूरच्या कॉटनपेठेतल्या त्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्या संध्याकाळी तांब्याचा हंडा दुसऱ्यांदा मोरीत गेला, तेव्हा वासुदेवरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आपलं काय चुकलं ते मुकाट्यानं आठवायला लागले.

चुकलं होतं ते एवढंच, की कचेरीतलं काम त्यांनी घरी आणलं होतं. वासुदेवराव सरकारच्या नियोजन खात्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या शिंप्याची सुई चालली, पण यांनी शाईचं पेन धरलं आणि कापडावर टाके घालायच्या ऐवजी ट्रेसिंगच्या कापडावर नकाशे काढायला लागले. छप्पन साली कारवारचा किनारा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला, आणि तेव्हापासून बेंगळूरच्या साहेबलोकांना समुद्राचं असं काही वेड लागलं होतं की विचारू नका. शहरातल्या सँकी टँक तळ्यापलीकडे ज्यांनी आयुष्यात पाणी पाहिलं नाही ते लाटांवर व्याख्यानं देऊ लागले. आता किनाऱ्यावर पर्यटक आणायचं ठरलं होतं. पहिलं गाव निवडलं होतं तारशेत, आणि तारशेत हे लक्ष्मीदेवीचं माहेर होतं.

तिचे वडील तिथल्या मराठी शाळेत मास्तर. बेंगळूरच्या या मराठी घराला मराठी बोलणारी सून हवी होती, ती शोधत शोधत मंडळी थेट समुद्रापर्यंत पोचली होती. त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. लक्ष्मीदेवी कन्नड शिकली, रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, वळायला शिकली, शेजारणींची अक्का झाली. पण तारशेतचं नाव निघालं की तिचा आवाज अजून चढायचा, समोरचा माणूस लाटांच्या पलीकडे उभा असल्यासारखा.

हंडा पालथा घालून ती टेबलाशी आली. ओल्या हाताचं बोट तारशेतच्या नकाशावर टेकणार तेवढ्यात वासुदेवरावांनी पुढे ब्लॉटिंग पेपर सरकवला.

"इथं ठकुबाईचं घर आहे," ती म्हणाली. "इथं काय लिहिलंय?"

"लॉन."

"म्हणजे?"

"हिरवळ गं. पाहुण्यांना बसायला."

"वाळूत हिरवळ? तिला पाणी कुणी घालायचं?"

वासुदेवरावांनी निळ्या रेघेवरून बोट फिरवलं. ती रेघ गावच्या विहिरीपासून निघाली होती. तारशेतात गोड्या पाण्याची ती एकच विहीर. चैत्रात तिचा तळ दिसायला लागला की बायका काठावर बसून पाणी साठायची वाट बघतात, हे नवऱ्याला लक्ष्मीदेवी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आली होती.

"आणि गाव कुठं गेलं?"

"टेकडीमागे. नवीन वसाहत बांधून देणार आहेत. चांगली पक्की घरं."

"टेकडीमागे समुद्र आहे का?"

"स्वल्प थांब गं," वासुदेवराव म्हणाले. "हे मी ठरवलेलं नाही. मी फक्त रेघा मारतो."

तिला सगळ्यात जास्त खुपली ती एक जाड रेघ. किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाळू आणि माड यांच्या मधोमध. ती भिंत होती. माडांत उठणाऱ्या पाहुण्यांच्या बंगल्यांना राखण म्हणून.

ज्यानं रापण पाहिली नाही त्याला या भिंतीत काही वावगं दिसायचं नाही, म्हणून सांगायला हवं. पावसाळा सरला की होडी समुद्रात भलंमोठं जाळं अर्धगोल टाकत जाते, आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर येतात. मग सगळा गाव दोन रांगा करून त्या ओढतो. ओढत ओढत मागे सरायचं, वाळू संपून माडांत शिरायचं, तेव्हा कुठं जाळं काठाला लागतं. आणि या कामाची एक रीत आहे. दोरीला ज्यानं हात लावला त्याला मासळीचा वाटा. तो गावचा असो, परका असो, वाटेनं चाललेला पोस्टमन असो. मास्तरांची लक्ष्मी लहानपणी परकराचा काचा मारून ठकुबाईच्या मागे दोरी धरायची आणि बांगडे घेऊन घरी यायची. तारशेतनं पाहुण्याला नको म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. पण पाहुण्यांसाठी गावालाच मागे सरका म्हणायचं, ही कुठली पद्धत!

"तुमच्या साहेबांना सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू? माझी बायको रागावलीय?"

"हो. तसंच सांगा."

वासुदेवरावांनी अर्थातच सांगितलं नाही. त्यांना बदलीची धास्ती होती. साहेबांच्या मर्जीतून उतरलेला मागचा ड्राफ्ट्समन राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, बीदरला गेला होता.

पण गंमत अशी की साहेबच तिच्याकडे आले.

साहेबांचं नाव प्राणेशराव. बसवनगुडीचे, सोवळ्यातले, इंग्लंडात शिकून आलेले आणि तरीही कपाळावरची काळी रेघ आणि ठिपका, ती अंगारअक्षता, न चुकवणारे. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना स्वतःच्या कल्पना फार आवडायच्या. आणि त्या वर्षी त्यांना एक कल्पना सुचली होती.

बेंगळूरला नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात. पायऱ्यांवर राजा-राणी, देव, वाणी, पलटण, आणि पायऱ्यांच्या पायथ्याशी एक देखावा. त्याला सगळे 'पार्क' म्हणतात. कुणी तळं करतं, कुणी डोंगर करतं, रागी पेरून हिरवं रान उगवतं. लक्ष्मीदेवीचा पार्क कॉटनपेठेत गाजलेला होता. आदल्या वर्षी प्राणेशरावांच्या आईनं तो पाहून घरी जाऊन इतकं कौतुक केलं की साहेब स्वतः येऊन बघून गेले होते.

"अक्का," ते आता ओसरीवर बसून म्हणाले, आणि हे सगळं बोलणं कन्नडातून चाललं होतं, "या वर्षी कचेरीच्या दिवाणखान्यात बाहुल्या मांडायच्या. आणि पार्क म्हणून खाली आपली तारशेतची योजना. नवमीला मंत्रिमहाशय आयुधपूजेला येणार आहेत. नकाशा कुणाला कळतो? पार्क सगळ्यांना कळतो!"

वासुदेवराव दारामागून बायकोकडे बघत होते. ती आत्ता मोरीकडे जाणार, असं त्यांना वाटलं.

"करते की," लक्ष्मीदेवी म्हणाली. "नकाशात आहे तसंच करते."

आणि खरंच तिनं तसंच केलं. कचेरीतल्या पायऱ्यांखाली चाळलेली वाळू पसरली, निळ्या काचेचा समुद्र केला, काड्यापेट्यांचे बंगले उभे केले, भिंतीला चुना दिला, लॉनच्या जागी रागी पेरली. प्राणेशराव रोज येऊन बघायचे आणि खूश होऊन जायचे. त्यांनी स्वतः लाकडी खेळण्यांच्या चन्नपट्टणहून एक लाकडी साहेब आणला, डोक्यावर हॅट, हातात छत्री, आणि तो लॉनवर उभा केला. तो पर्यटक.

घरी मात्र लक्ष्मीदेवी चिंध्या घेऊन बसलेली असायची. सासरच्या शिंपीकामातले तुकडे पेटाऱ्यांत भरलेले होतेच. त्यांतून ती एकेक बाहुली शिवत होती. गुडघ्यापर्यंत लुगडं, कंबरेला खोचलेला पदर, डोक्यावर लाल फडकं. वासुदेवरावांनी एक उचलून पाहिली.

"ही कोण?"

"ठकुबाई."

"आणि ही?"

"तिची जाऊ. तो नागोजी, होडीवाला. त्याची मान अशीच वाकडी आहे."

"लक्ष्मी, तुझ्या मनात काय आहे?"

"तुम्ही फक्त रेघा मारता ना?" ती म्हणाली. "मग मारा."

घटस्थापनेला ती मोठी पिशवी घेऊन पहाटेच कचेरीत गेली. चौकीदारानं दार उघडून दिलं. प्राणेशराव सोवळं नेसून पूजेला बसले तेव्हा दिवाणखान्यात धूप इतका दाटला होता की पायऱ्यांवरचे राजा-राणीही धड दिसत नव्हते. त्यांनी डोळे मिटून संकल्प सोडला, अक्षता टाकल्या, सगळ्या बाहुल्यांची यथासांग स्थापना केली. कापूर विझला, खिडक्या उघडल्या, आणि साहेबांनी डोळे उघडले.

समुद्रातून दोन सुतळ्या निघाल्या होत्या. त्या वाळूवरून आल्या, चुन्याच्या भिंतीवर चढल्या, पलीकडे उतरल्या आणि बंगल्यांमधून माडांत शिरल्या. दोन्ही सुतळ्यांना माणसं लागली होती. भिंतीच्या अलीकडे अर्धी, पलीकडे अर्धी. लॉनवर झावळ्यांची घरं बसली होती, त्यांना पडव्या होत्या, आणि सगळ्यांत पुढे, टाच वाळूत रोवून, लाल फडक्याची ठकुबाई.

"हे काय आहे?" प्राणेशराव म्हणाले.

"पार्क," लक्ष्मीदेवी म्हणाली.

"ही माणसं योजनेत नाहीत!"

"तारशेतात आहेत."

"काढा यांना. आत्ताच्या आत्ता."

"काढा की," ती म्हणाली आणि बाजूला झाली. "अक्षता तुम्हीच टाकल्यात."

दिवाणखान्यात कुणी हललं नाही. बसवलेली बाहुली दशमीपर्यंत जागची हलवायची नाही, हे तिथल्या शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाच्या आईनं प्रत्येकाला हातावर चापट मारून शिकवलेलं होतं. प्राणेशरावांचा हात पुढे झाला, ठकुबाईच्या डोक्यावर क्षणभर थांबला, आणि परत आला. त्यांचा चेहरा असा झाला की लक्ष्मीदेवीला त्यांची थोडी दयाही आली. पण थोडीच.

वासुदेवराव त्या रात्री जेवले नाहीत. "बीदर," ते एकदाच म्हणाले.

"तिथंही बाहुल्या मांडेन," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटातली पोळी स्वतः खाल्ली.

नवमीला मंत्री आले. हसतमुख, गोल, गळ्यात झेंडूची माळ. पार्कपुढे ते बराच वेळ उभे राहिले.

"ही मंडळी कोण?"

"शोभेसाठी आहेत, सर," प्राणेशराव घाईघाईनं म्हणाले. "दशमीनंतर काढणार आहोत."

"शोभेचे ते बंगले आहेत, साहेब," मागून लक्ष्मीदेवी बोलली. "ही माणसं तिथली आहेत."

वासुदेवरावांनी डोळे मिटून घेतले. मंत्र्यांनी मात्र वळून बघितलं.

"मग पाहुण्यांनी येऊच नये म्हणता, अम्मा?"

"यावं की! या घरांच्या पडव्यांत राहावं, गाव जेवतं ते जेवावं. विहिरीला झेपतील तेवढ्यांनी यावं. आणि सकाळी दोरीला हात लावावा, म्हणजे त्यांनाही वाटा मिळेल. पण तुम्ही ही भिंत घातलीत तर ओढायचं कसं? दोरी भिंतीतून जाते का? आणि ज्यांनी ओढायचं ते टेकडीमागे. मग तुमचा पाहुणा बघणार काय, चुना?"

मंत्री मनापासून हसले. मग ते जे बोलले ते हसण्याइतकं गोड नव्हतं.

"छान केलंय हो. पण मी सही कागदावर करतो, बाहुल्यांवर नाही. कागदावर तर भिंत आहे." ते प्राणेशरावांकडे वळले. "सण चालू असताना मी कुठल्याही फाईलवर सही करत नाही, तुम्हाला माहीत आहे. बाहुल्या निजल्या की फाईल पाठवा."

गाडी गेली. प्राणेशरावांच्या चेहऱ्यावर नवव्या दिवशी रंग आला. लक्ष्मीदेवी पार्कपुढे उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. सगळ्यांदेखत, पदराला नाक पुसत ती रडली. ठकुबाईनं तिला पोहायला शिकवलं होतं. वडील गेले तेव्हा आईशेजारी ठकुबाई बसून होती. आणि उद्या एक बाहुली आडवी केली की सगळं संपणार होतं.

कारण रीतच तशी होती. दशमीच्या संध्याकाळी आरती होते, पाळणा म्हणतात, आणि जिनं बाहुल्या मांडल्या तिनं एक बाहुली आडवी निजवायची. की सण संपला.

दशमीला दिवाणखाना भरलेला होता. आरती झाली. शिपायांच्या बायकांनी पाळणा म्हटला. प्राणेशरावांनी हात जोडून सांगितलं, "अक्का, निजवा आता."

लक्ष्मीदेवी पुढे झाली. तिनं राणीकडे पाहिलं, राजाकडे पाहिलं. मग खाली वाकून ठकुबाईचं फडकं सारखं केलं आणि सरळ उभी राहिली.

"नाही निजवत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"जाळं पाण्यात आहे. जाळं पाण्यात असताना कुणी निजतं का?"

"अक्का, आज दशमी आहे!"

"असेल. यांची दोरी ओढून झालेली नाही."

"मग मी निजवतो," प्राणेशराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. पण ते एक पाऊल पुढे आले, आणि त्यांची म्हातारी आई खुर्चीतून म्हणाली, "प्राणेशा, ज्याच्या हातानं मांडलं त्याच्याच हातानं." बस्स. साहेब जागीच उभे राहिले.

आता बाहुल्या जाग्या, म्हणजे सण चालू. सण चालू म्हणजे रोज संध्याकाळी दिवा, नैवेद्य, आरती. ती चुकवणं प्राणेशरावांच्या रक्तात नव्हतं. एकादशी गेली, पौर्णिमा गेली. नियोजन खात्यात रोज संध्याकाळी घंटा वाजू लागली, आणि हरभऱ्याची, मुगाची, चवळीची उसळ वाटली जाऊ लागली. शिपाई लोक लक्ष्मीदेवीला दुरूनच नमस्कार करायचे. दुसऱ्या खात्यांतले कारकून पाच वाजता फायली बांधून इकडे यायचे. मंत्र्यांच्या कचेरीतून फोन यायचा, "फाईल?" आणि इकडून उत्तर जायचं, "बाहुल्या जाग्या आहेत."

वासुदेवराव घरी येऊन म्हणायचे, "पुरे आता. लोक हसतात." ती म्हणायची, "हसू देत. उद्या कुठली डाळ भिजवू?"

पण रोज त्या सुतळ्यांसमोर निरांजन ओवाळून ओवाळून साहेबांचं काही तरी झालं असावं. एके दिवशी आरती झाल्यावर त्यांनी विचारलं, "एका दोरीला किती माणसं लागतात?"

"येतील तेवढी," ती म्हणाली.

"आणि अनोळखी माणसालाही वाटा देतात? खरंच?"

"दोरी ओढणारा अनोळखी कसा?"

त्यानंतर वासुदेवरावांच्या टेबलावर नवीन काम आलं. लॉन खोडलं गेलं. विहिरीची निळी रेघ गेली. गाव टेकडीमागून परत आलं, आणि घरांच्या पडव्यांवर बारीक अक्षरांत लिहिलं गेलं, पाहुण्यांच्या खोल्या. बंगल्यांपैकी उरला फक्त एक, तोही टेकडीच्या पायथ्याशी.

दिवाळी तोंडावर आली असताना प्राणेशराव तो नकाशा घेऊन पार्कपुढे आले आणि त्यांनी तो लक्ष्मीदेवीसमोर पसरला. ते थकलेले दिसत होते आणि थोडे खूशही.

"आता निजवा, अक्का."

तिनं नकाशा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग जाड रेघेवर बोट ठेवलं.

"भिंत आहे अजून."

"ती राहणार," प्राणेशराव म्हणाले. "पाहुण्यांची सुरक्षितता म्हणून काही आहे की नाही? मी सगळं बदललं. गाव परत आणलं. एक भिंत माझी राहू द्या!"

"नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला सगळंच हवं?"

"मला काही नको. दोरीला वाट हवी. घरं ठेवलीत आणि वाट बंद केलीत, तर ती माणसं खाणार काय, तुमच्या पाहुण्यांची बक्षिसी?"

प्राणेशरावांचा संयम सुटला. योजना बंद करतो म्हणाले, वरिष्ठांना लिहितो म्हणाले, आणि वासुदेवरावांकडे वळून म्हणाले की घरच्या माणसाला आवर घालता येत नसेल त्यानं बेंगळुरात नोकरी करू नये. सगळं ऐकून घेऊन वासुदेवराव टेबलाशी गेले. त्यांनी नकाशा पुढे ओढला, चष्मा लावला, आणि वरच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं ब्लेड काढलं. ट्रेसिंगवर चुकलेली शाई ते याच ब्लेडनं खरवडायचे. किनाऱ्याच्या या टोकाला त्यांनी ते टेकवलं आणि हलक्या हातानं जाड रेघ खरवडायला लागले.

"वासुदेवराव! तो सरकारी कागद आहे."

"हो, साहेब," ते मान वर न करता म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "म्हणून तर सावकाश खरवडतोय. चूक राहायला नको."

रेघ तुकड्या-तुकड्यानं गेली. त्या टोकापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला. प्राणेशराव एकदा पुढे आले, आणि त्यांना थांबवायच्या ऐवजी नकाशाची सुटलेली कड धरून उभे राहिले. वासुदेवरावांनी फुंकर मारून काळी भुकटी उडवली. लक्ष्मीदेवीला नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की तिला पुन्हा रडू यायला लागलं, पण तिनं ते गिळलं.

तिनं पार्कवरची चुन्याची भिंत उचलली आणि केराच्या टोपलीत टाकली. सुतळ्या वाळूवर सरळ पडल्या.

"आता तरी?" प्राणेशरावांनी विचारलं. "ठकुबाईला निजवा."

"ठकुबाई नाही निजायची. तिला काम आहे," लक्ष्मीदेवी म्हणाली. "पुढच्या वर्षी कागदावर पुन्हा भिंत दिसली तर मीही पुन्हा मांडायला येईन, हे लिहून ठेवा."

मग तिनं चन्नपट्टणचा तो लाकडी साहेब उचलला. त्याची हॅट काढली, छत्री काढून घेतली, आणि त्याला ठकुबाईच्या पडवीत आडवा निजवला.